सातवं पोस्टर

साकोली
४ सप्टेंबर २०२५

प्रिय रत्ना,

पाकिटावरचं अक्षर पाहून ओळखलं असशील. शाळेत तू म्हणायचीस, 'कामिनीच्या वहीत कोंबडी चालून गेली.' तीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवली, तरी कोंबडी काही हटली नाही.

माझ्या आईच्या तेरवीला आपण भेटलो, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हाही धड बोलणं झालं नाही. आता एक काम निघालं आणि तुझी आठवण आली. खरं सांगायचं तर काम ऐकल्याबरोबर आधी तूच आठवलीस.

इथल्या बसडेपोत मधुकरराव म्हणून एक सज्जन आहेत. मागच्या आठवड्यात शाळेत आले. म्हणाले, "मॅडम, स्टँडवर आणि गाड्यांमध्ये लावायला सहा पोस्टरं हवीत. म्हातारी माणसं, अपंग माणसं, पोटुशी बाई, यांना गाडीत नीट चढता यावं, बसता यावं. लोकांनी एकमेकांशी सौजन्यानं वागावं. आणि चित्रात आपल्याकडची माणसं दिसली पाहिजेत." मी हो म्हणून टाकलं. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर वर्गात बसून पहिलं चित्र काढलं. ते सोबत पाठवते आहे.

पाहिलंस ना? दोन वेण्या, काखेत कुबडी, पाठीवर दप्तर. हसतमुख कंडक्टर तिला उचलून पायरीवर ठेवतो आहे. खाली ओळ टाकीन म्हणते: 'त्यांना तुमच्या आधाराची गरज आहे.' चेहरा तुझाच आला आहे, मी ठरवून नाही काढला. तुझी परवानगी असेल तर तसाच ठेवते.

दुसरी विनंती अशी की पोस्टरवरची अक्षरं तू लिहून दे. नववीत असताना तू दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचा बोर्ड रंगवला होतास, आठवतं? लोक बैलबंड्या थांबवून नाटकाचं नाव वाचत होते. तसं अक्षर मी पुन्हा कुठे पाहिलं नाही. त्या मुलाखतीच्या दिवशी तुझं पोट दुखलं नसतं, तर आज हे काम माझ्याऐवजी तुझ्याकडेच आलं असतं. नशीब म्हणायचं.

फोन करणार होते, पण तुझ्या दादाकडून कळलं की तुझा फोन अजून बटनांचाच आहे आणि त्यावर चित्र येत नाही. म्हणून हे पाकीट. उत्तराची वाट पाहते.

तुझी
कामिनी

*

आसगाव
१६ सप्टेंबर २०२५

कामिनी,

पत्र मिळालं. पोस्टमननं आवाज दिला, "रत्नमालाबाई, साकोलीचं पाकीट!" तर वहिनी धावत आली. तिले वाटलं कोणाचं लग्न जमलं.

तुझी भाषा एकदम साकोलीची मास्तरीण झाली वं. 'पाठवते आहे', 'ठेवतो आहे'. मी आपली जशी बोलते तशीच लिहून राहिली. तुले वाचता येईल ना?

आता चित्राचं. चित्र चांगलं आहे. हात अजूनही मोकळा आहे तुझा. पण माझा चेहरा त्याच्यात ठेवू नको. मी लाजून नाही म्हणत, मले राग आला म्हणून म्हणते.

अवं, तू रोज माझ्यासंगं गाडीत होती. मले उचलून नेलेलं मले आवडत होतं का? कोणीही यायचं, काखेत हात घालायचं आणि धानाचा भरलेला कट्टा टाकावा तसं मले आत टाकून द्यायचं. कुबडी खालीच राहायची. मग दुसरा कोणी ती खिडकीतून द्यायचा. सगळी गाडी म्हणायची, 'बिचारी'. उचलणाऱ्याले पुण्य लागायचं आणि मले दिवसभर काखेत दुखायचं. एकानंही कधी विचारलं नाही, 'पोरी, हात देऊ का?' विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की मले चढता येते. फक्त पायरी उंच आहे आणि टाइम लागते.

धनीराम कंडक्टर तुले आठवते? पवनीच्या गाडीवरचा, डोक्याले नेहमी तेल लावलेला. त्यानं मले चार वर्षांत एकदाही हात लावला नाही. पहिल्या दिवशी त्यानं पाहिलं, मी कशी धडपडते ते. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरले म्हणे, "गाडी पारापाशी घे. अगदी चिटकून." वडाचा पार गाडीच्या पायरीएवढा उंच. मी आधीच पारावर चढून बसायची, गाडी बाजूले लागायची आणि मी एका पावलात आत. कोणी पाहायचं नाही, कोणी 'बिचारी' म्हणायचं नाही. तिकीट फाडताना तो फक्त एवढंच विचारायचा, "बराबर?" मी म्हणायची, "बराबर."

काढाचंच असेल तर ते काढ.

आणि ती ओळ खोडून टाक. 'त्यांना' म्हणजे कोणाले? पोस्टर वाचणाऱ्यांत मी नसते का? त्याच्या जागी लिही: 'आधी विचारा, मग हात द्या.'

अक्षरं लिहून देईन. मंडईचा बोर्ड अजून मीच रंगवते. दिवसभर ब्लाऊज शिवते, पण ब्रश हातात घेतला की पाठ दुखत नाही. कागद केवढा पाहिजे ते कळव.

रत्ना

*

साकोली
२५ सप्टेंबर २०२५

प्रिय रत्ना,

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग मधुकररावांना त्यातला धनीरामचा भाग वाचून दाखवला. ते म्हणाले, "हे आपल्याला प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं. पण सांगायला पाहिजे."

तुला राग आला, तो योग्यच आहे. मी रोज तुझ्याबरोबर असून मला ते दिसलं नाही याचंच आश्चर्य वाटतं. मला वाटायचं, लोक किती चांगले आहेत, रत्नाला उचलून घेतात.

पार काढला आहे. गाडी, पार, पारावर उभी असलेली मुलगी. तिचा चेहरा मुद्दाम पाठमोरा ठेवला आहे. धनीराम दारात हात मागे बांधून उभा आहे. ते हात काढताना मला फार मजा आली. सगळ्या पोस्टरांत हात पुढे आलेले असतात, इथे ते मागे बांधलेले आहेत.

बाकीची पाच कच्ची चित्रं पाठवते. पेन्सिलनं तिथल्या तिथे काय ते लिही. रुमालाचं चित्र पाहून हसशील. खिडकीतून सीटवर रुमाल, पिशवी, टोपी टाकून जागा धरणारे लोक, आणि दारात पोटुशी बाई उभी. काढताना आपलीच आठवण आली. आपण कंपासपेटी टाकायचो! एकदा तुझी पेटी उघडी राहिली आणि करकटक कोणाच्या तरी धोतरात अडकलं. तो माणूस पवनीपर्यंत ओरडत होता आणि धनीराम त्याला म्हणाला, "काका, शिक्षणाची धार आहे ती."

रत्ना, ते दिवस किती जवळ वाटतात. पहाटे धुकं असायचं आणि शेतातल्या बांधीत धान पिवळं झालेलं असायचं. तळ्यावरचे शिंगाडे घेऊन बाया गाडीत चढायच्या आणि सगळी गाडी ओल्या टोपल्यांच्या वासानं भरायची. एक मावशी तुला रोज मूठभर द्यायची, मला दोनच. मी रुसायचे आणि मग तू तुझ्यातले अर्धे द्यायचीस. कधी कधी वर्गात फळ्याकडे पाठ करून उभी असते, मुलं चित्रं काढत असतात, आणि मला वाटतं तू शेवटच्या बाकावर बसली आहेस.

कागदाचं माप मागे लिहिलं आहे.

तुझी
कामिनी

*

आसगाव
५ ऑक्टोबर २०२५

कामिनी,

दोन पोस्टरांची अक्षरं या पाकिटात आहेत. ओली असताना गुंडाळली नाहीत, म्हणून उशीर झाला. एका अक्षराच्या वेलांटीवर वहिनीच्या मांजरीनं पाय दिला होता. तो कागद फाडून दुसरा लिहिला.

चित्रांवर पेन्सिलनं लिहिलं आहे, पण एक मोठं आहे म्हणून पत्रात लिहिते. आंधळ्या माणसाच्या चित्रात तो पोरगा त्याची काठी धरून त्याले ओढत नेऊन राहिला. मी ते चित्र आमच्या शेजारच्या पार्वताबाईले सांगितलं. तिची नजर जाऊन सहा वर्षं झाली. ती म्हणाली, "काठी धरली म्हणजे माझे डोळेच धरले. मग मी पाहू कशानं? त्याले म्हणा, तुझा खांदा दे, मी हात ठेवते. आणि तोंडानं सांग, पायरी आली, दोन आहेत." आखीन म्हणाली, "गाडी आली की लोक धावतात, पण कोणती गाडी आली ते कोणी सांगत नाही. पाटी मोठ्यानं वाचाले काय जाते?" हे टाक. पार्वताबाईचं नाव टाकू नको, ती म्हणते मग घरी सगळे विचारत बसतील.

आमच्या स्टॉपवरचा पार आता नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा वड गेला, पारही गेला. मी आता तिथं विटांचे दोन थर ठेवले आहेत. कोणीतरी चुलीले नेते, मी परत ठेवते.

तू शिंगाडे लिहिले, धुकं लिहिलं. सगळं वाचलं आणि चांगलं वाटलं. मलेही ते सगळं आठवते. पण एक विचाराचं आहे. पहिल्या पत्रात तू लिहिलं, त्या दिवशी माझं पोट दुखलं म्हणून. कामिनी, पोट दुखलं हे गावात मीच सांगितलं होतं. बाकी गावानं ते खरं मानलं ते ठीक. तू काहून मानलं?

रत्ना

*

आसगाव
८ नोव्हेंबर २०२५

कामिनी,

महिना झाला, तुझं पत्र नाही. अक्षरं मिळाली का? दिवाळी झाली, मंडई झाली. या वर्षी नाटकाचा बोर्ड निळ्यावर पिवळा केला. उरलेल्या चार पोस्टरांची अक्षरं तयार आहेत. पाठवू का ठेवू?

मी एक प्रश्न विचारला होता. उत्तर द्याचं नसेल तर नको देऊ, पण पोस्टरांचं काम थांबवू नको. ते तुझ्या माझ्यापेक्षा मोठं आहे.

रत्ना

*

साकोली
१४ नोव्हेंबर २०२५

रत्ना,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. अक्षरं मिळाली. महिनाभर रोज उत्तर लिहायला बसत होते आणि रोज कागद फाडत होते. आज माझी मुलगी टीना पुण्याहून आली आहे. माझी चित्रं कॉम्प्युटरवर नीट करून देत होती. पारावरच्या पाठमोऱ्या मुलीकडे पाहून तिनं विचारलं, "आई, ही कोण?" मी म्हणाले, "माझी मैत्रीण. माझ्याहून चांगली चित्रं काढायची." तिनं विचारलं, "मग ती चित्रकलेची शिक्षिका का नाही झाली?"

पोरीला मी उत्तर दिलं नाही. तुला देते.

१९८९ चा जून. चित्रकला शिक्षकाच्या कोर्सची मुलाखत, भंडाऱ्याला. सकाळची सातची गाडी. लग्नसराई होती, गाडी गच्च भरून आली. धनीराम त्या दिवशी सुट्टीवर होता, बदलीचा कंडक्टर होता. त्याला पाराचं काही माहीत नव्हतं. गाडी पुढे हातपंपापाशी थांबली. तू पारावर होतीस, मी धावले. तू उतरून मागून येत होतीस, एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात चित्रांची गुंडाळी. मी चढले. मी दारातच होते. कंडक्टरनं विचारलं, "राहिलं का कोणी?" दारात शेवटची मी असल्यामुळे त्यानं माझ्याकडेच पाहिलं.

मी म्हणाले, "नाही."

मी स्वतःला सांगत आले की गर्दीनं मला आत ढकललं, मला काही दिसलं नाही. इतकी वर्षं सांगितलं की कधी कधी ते खरं वाटायचं. पण मला सगळं दिसत होतं. तू पन्नास पावलांवर होतीस.

आदल्या संध्याकाळी तू मला तुझं धानाच्या रोवण्याचं चित्र दाखवलं होतंस. चिखलात वाकलेल्या बाया, त्यांच्या पाठी, आणि पाण्यात उलट्या दिसणाऱ्या त्यांच्या सावल्या. मी घरी जाऊन माझी चित्रं काढून पाहिली आणि मला रडू आलं. सर म्हणाले होते, "आपल्या शाळेतून एकीचं तर नक्की होईल." मला माहीत होतं ती एक कोण.

संध्याकाळी परत आले तर गावात कळलं, रत्नाचं पोट दुखलं म्हणून ती गेलीच नाही. मी ते घट्ट धरून ठेवलं. मला वाटलं, तुला माझं ते 'नाही' ऐकू गेलं नसेल. गाडी चुकली म्हणून लाजेनं तू तसं सांगितलं असशील. मग मी तुझ्या घरी येणं कमी केलं. मग कोर्स, नोकरी, लग्न.

सोबत एक सातवं चित्र आहे. ते डेपोसाठी नाही, तुझ्यासाठी आहे. पाहून फाडून टाकलंस तरी चालेल.

रत्ना, मले काय लिहावं सुचून नाही राहिलं. माफी मागावी म्हटलं तर कोणत्या तोंडानं मागू.

कामिनी

*

आसगाव
३० नोव्हेंबर २०२५

कामिनी,

धानाची कापणी, बांधणी, सगळं सुरू आहे. घरी कोणी बसलेलं नाही, मी एकटी मशीनवर. तुझं पत्र ब्लाऊजच्या कापडाखाली ठेवलं होतं. दिवसातून चार वेळा काढून वाचलं.

तुझ्या सगळ्या पत्रांत मले पहिल्यांदा 'मले' सापडलं. तिथून मी तुले ओळखली.

आता माझं ऐक. तुझा 'नाही' मले ऐकू आला होता. पन्नास पावलं नव्हती, वीस असतील. तू तेव्हा लाल रिबीन बांधली होती. गाडी निघाली तशी ती रिबीन खिडकीत दिसली, आणि तू मान फिरवली तेही दिसलं. त्यावर छत्तीस वर्षं मी विचार केला आहे. शिवताना डोकं रिकामं असते.

मी तुझ्यावर रागावली होती. अजून आहे. पण एक गोष्ट मी कोणालेच सांगितली नाही. मीही गप्प बसली. एक हाक पुरली असती. 'थांबा' म्हटलं असतं, तर वीस पावलांवरची गाडी थांबली असती. पण गच्च भरलेली गाडी, सगळे खिडकीतून पाहणार, मग कोणी उतरून मले उचलणार, चित्रांची गुंडाळी चुरगळणार, पुन्हा 'बिचारी'. मले त्याची लाज वाटली. मी तिथं हातपंपाच्या ओट्यावर बसली आणि धूळ खाली बसेपर्यंत पाहत राहिली. घरी जाऊन म्हटलं, पोट दुखते.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं माहीत आहे का? तुझ्या बाबांनी तुलेही घरी बसवलं असतं. ते म्हणतच होते, पोरीले भंडाऱ्याले कायले पाठवायचं. मग दोघीही राहिलो असतो. पण मी तुझ्यासाठी खोटं बोलली असं समजू नको. एवढी मोठ्या मनाची मी नाही. काही तुझ्यासाठी होतं, जास्ती माझ्यासाठी होतं. आणि मी हाक मारली नाही म्हणून तुझा 'नाही' छोटा होत नाही. दोन्ही आपापल्या जागी आहेत.

सातवं चित्र फाडलं नाही. दारातली पोरगी, अर्धी वळलेली. खाली रस्त्यावर दुसरी, कुबडी घेतलेली. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर. कामिनी, हे तुझं सगळ्यात चांगलं चित्र आहे. बाकीची सहा शहाणपणाची आहेत, पण हे एक खरं आहे. आणि तू हे डेपोले देणार नाही म्हणते?

मी त्याच्यावर अक्षरं लिहून पाठवून राहिली. वर: 'राहिलं का कोणी?' खाली: 'कंडक्टर विचारतो. उत्तर तुमच्याजवळ आहे.' कंडक्टरचा त्याच्यात काही दोष नाही, त्यानं तर विचारलं होतं.

दोघींचे चेहरे पुसू नको. माझाही राहू दे. या चित्रात मले चालते.

रत्ना

*

साकोली
१८ डिसेंबर २०२५

रत्ना,

मधुकररावांना सातवं चित्र दिलं. त्यांनी विचारलं, "ही गोष्ट खरी आहे का, मॅडम?" मी हो म्हणाले. "यातली तुम्ही कोणती?" मी दारातल्या मुलीवर बोट ठेवलं. शाळेच्या स्टाफरूममध्ये होतो आम्ही, चार शिक्षक ऐकत होते. सांगून टाकलं.

सातही पोस्टरं छापायला गेली. खाली एका कोपऱ्यात लिहिलं आहे: 'चित्रं: कामिनी, अक्षरं आणि सूचना: रत्नमाला.' तुझं आडनाव टाकू का विचारायचं राहिलं, म्हणून माझंही टाकलं नाही.

१० जानेवारीला, शनिवारी, सकाळी अकराला स्टँडवर छोटा कार्यक्रम आहे. मी गाडी करून तुला घ्यायला येणार होते. मग तुझं वाक्य आठवलं आणि आधी विचारते: घ्यायला येऊ का?

कामिनी

*

आसगाव
१४ जानेवारी २०२६

कामिनी,

घ्यायला येऊ नको असं कार्डावर कळवलं होतं, कारण मले लाल गाडीनंच याचं होतं. तू रागावली नाही ना?

मी उतरली तेव्हा तू फलाटावर पदराचं टोक पिळत उभी होती. केस पिकले वं तुझे. मले वाटलं होतं तू धावत येशील. तू आली नाही, जागेवर उभी राहून विचारलं, "हात देऊ?" मी म्हटलं, "दे." चढाले मले हात लागत नाही, पण उतराले आता लागते. वय झालं.

पोस्टरं सुंदर छापली. लोक काय करतात ते मी भाषण सुरू असताना पाहत होती. रुमालाच्या पोस्टरपाशी दोन कॉलेजच्या पोरी हसून राहिल्या होत्या. एका म्हाताऱ्यानं धनीरामच्या पोस्टरसमोर उभं राहून मोठ्यानं पूर्ण वाचलं आणि मग त्याच पोस्टरखाली खर्रा थुंकला. मधुकररावांचा चेहरा पाहाण्यासारखा झाला. आठवं पोस्टर तुले काढा लागते.

सातव्यासमोर कोणी जास्त थांबलं नाही. एक बाई थांबली. तिनं पाहिलं, पदरानं तोंड पुसलं आणि गेली. तिचं कोण राहिलं होतं देव जाणे.

रसवंतीत बसलो तेव्हा तू विचारलं, "रत्ना, तू मले माफ केलं का?" मी रस पीत राहिली. तुले वाटलं असेल मी टाळलं. मले खरंच माहीत नव्हतं.

परत येताना काय झालं ते सांगते. मी पुढच्या राखीव सीटवर बसली होती. लाखांदूरच्या पुढं एका फाट्यावर गाडी थांबली. पाच-सहा पोरं चढली. त्यांच्या मागं एक म्हातारी होती, हातात गाठोडं, गुडघे गेलेले. ती दारापाशी पोहोचायच्या आधीच पोरांनी दार भरून टाकलं. कंडक्टर मागं तिकीट फाडत होता, त्याले ती दिसत नव्हती. तिथूनच त्यानं विचारलं, "राहिलं का कोणी?" कोणीच बोललं नाही. पोरांच्या कानात वायरी होत्या. म्हातारीनं हात वर केला, पण तोंडातून शब्द नाही. मले तिचं तोंड दिसत होतं. ते तोंड मी ओळखते.

कामिनी, मी ओरडली. "थांबा! राहिलं आहे! एक बाई राहिली आहे!" एवढ्या जोरात, की ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि समोरच्याचं डोकं दांडीले लागलं. सगळी गाडी माझ्याकडे पाहाले लागली. मले जिची छत्तीस वर्षं भीती होती ती गोष्ट झाली, आणि काही झालं नाही. पोरं बाजूले सरकली. कंडक्टर दारात आला आणि म्हातारीले म्हणाला, "आजी, सावकाश. हात देऊ का?" म्हातारी म्हणाली, "हात नको, गाठोडं धर."

ती माझ्याजवळ बसली. नाव सत्यभामाबाई. अड्याळले लेकीकडे जाऊन राहिली होती. मले वाटलं आता धन्यवाद म्हणेल. तिनं आधी खिडकीची जागा मागून घेतली, मग आसगावपर्यंत जावयाच्या तक्रारी सांगितल्या आणि माझी अर्धी चिक्की खाल्ली. मी उतरताना म्हणाली, "तुझा आवाज लय मोठा आहे वं बाई." मी घरी येईपर्यंत हसत होती. वहिनी म्हणे, "साकोलीत काय पिऊन आली?"

हसून झाल्यावर मग मले रडू आलं आणि राग आला. इतका राग, की मशीनवर बसवेना. एवढी सोपी होती ती हाक, आणि एवढा सोपा होता तुझा 'हो'. दोन शब्द होते, दोघींजवळ एकेक. इतके दिवस राग माझ्याजवळ होता, पण तो भिजलेल्या लाकडासारखा, नुसता धूर. आता तो नीट पेटला आहे. तुले समोर बसवून सगळं बोलून टाकावं वाटून राहिलं. तू काहून केलं, मी कशी राहिली, बाबा गेले तेव्हा तू काहून नाही आली, सगळं. माफी त्याच्या आधी देता येत नाही. नंतर येते का ते पाहू.

पण आज संक्रांत आहे. रथसप्तमीपर्यंत गोड बोलाचं असते म्हणतात, म्हणून तेवढे दिवस मी थांबते. त्यानंतरच्या रविवारी ये. राहाले ये, कपडे आण. मले तुझ्याशी भांडाचं आहे.

रत्ना